क्लोनझिलाला शेअर फोल्डर सापडत नाही? चला, ओळीने तपासू

लॅबमधल्या सगळ्या मशीन्सवर एकसारखं विंडोज टाकायचं आहे. मास्टर मशीनची इमेज एका पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये तयार आहे. बाकीच्या मशीन्स क्लोनझिलाच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायच्या आणि नेटवर्कवरून ती इमेज ओढायची, इतकं साधं काम. पण नेमकं तिथेच गाडं अडलंय. कधी फोल्डर जोडलाच जात नाही, कधी जोडला जातो पण इमेज दिसत नाही, कधी सगळं पार पडतं आणि मशीन सुरूच होत नाही.

घाबरू नका, हे सगळं सुटतं. फक्त दोन गोष्टी पाळा: पायरी गाळायची नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईघाईत चार सेटिंग एकदम फिरवली की काम झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या मशीनवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

हाताशी एवढं ठेवा: कागद-पेन, क्लोनझिलाच्या ताज्या स्थिर आवृत्तीचा पेन ड्राइव्ह, नक्की चालणारी एक लॅन केबल आणि नेटवर्कला जोडलेला तिसरा एखादा विंडोज पीसी. ज्यावर इमेज ठेवली आहे त्याला आपण सर्व्हर पीसी म्हणू. इथे देवनागरीत दिलेली नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजी अक्षरांतच करायची.

आधी सर्व्हर पीसीसमोर बसा

१. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल, पीसी झोपला तर चालणार नाही. मध्येच झोपला तर समोरच्या मशीनची डिस्क अर्धवट लिहिलेली राहते.

२. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा आणि ‘आयपीव्हीफोर अ‍ॅड्रेस’ कागदावर उतरवा. समजा तो १९२.१६८.१.१० आहे. वाय-फाय आणि लॅन दोन्ही चालू असतील तर ‘इथरनेट’ खालचाच आकडा घ्या. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पीसीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल बघा, मग पुढे या.

३. नेटवर्क सेटिंगमध्ये प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोजची फायरवॉल शेअरिंगचा दरवाजा बंद ठेवते आणि आपण तासभर पासवर्डला दोष देत बसतो.

४. त्याच सेटिंगमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा.

५. या कामापुरता एक वेगळा लोकल युजर तयार करा, नाव ‘क्लोन’ ठेवा आणि त्याला पासवर्ड द्या. तुमचं रोजचं खातं वापरू नका. तुम्ही रोज पिन टाकून आत जात असाल तर तो पिन नेटवर्कवरून चालतच नाही. पासवर्ड नसलेलं खातंही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा. क्लोनझिलाचा कीबोर्ड वेगळ्या मांडणीचा निघाला तर खास चिन्हं हमखास चुकतात.

६. इमेजच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ मध्ये जा आणि शेअरचं नाव ‘इमेजेस’ ठेवा. छोटी इंग्रजी अक्षरं, मध्ये मोकळी जागा नको.

७. तिथेच ‘परमिशन्स’ मध्ये ‘क्लोन’ युजरला ‘फुल कंट्रोल’ द्या.

८. आता शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये जाऊन त्याच युजरला पुन्हा तेच हक्क द्या. ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. शेअरची परवानगी वेगळी, फोल्डरची वेगळी, आणि दोन्हींत जी कडक असेल तीच विंडोज लागू करतं.

९. फोल्डर उघडून आतली रचना बघा. क्लोनझिलाची इमेज म्हणजे एक फाइल नसते, तो एक अख्खा फोल्डर असतो. त्यात ‘पार्ट्स’ आणि ‘डिस्क’ नावाच्या चिमुकल्या फाइल्स असतात आणि सोबत मोठमोठे तुकडे असतात. हा फोल्डर ‘इमेजेस’च्या थेट आत, एकाच पायरीवर हवा. बाहेरच्या डिस्कवरून कॉपी करताना बरेचदा ‘इमेजेस’मध्ये ‘बॅकअप’, त्यात आणखी एक फोल्डर आणि त्यात इमेज अशी उतरंड होते. ती इमेज क्लोनझिलाला दिसत नाही. उलटही होतं: इमेजचा फोल्डरच शेअर केला जातो, तेव्हाही काही दिसत नाही. इमेजच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको आणि आतल्या फाइल्सची नावं चुकूनही बदलू नका.

१०. आता तिसऱ्या पीसीवर जा, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा आणि दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचा आयपी, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव असं टाइप करा. युजर-पासवर्ड विचारेल, ‘क्लोन’चा द्या. काही न विचारताच फोल्डर उघडला तर लगेच खूश होऊ नका. जुना पासवर्ड साठवलेला असू शकतो. ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली जुनी नोंद काढा, पीसी रीस्टार्ट करा आणि पुन्हा करून बघा.

११. उघडलेल्या फोल्डरमध्ये एखादी छोटी फाइल टाका आणि पुसून बघा. जमलं? शाब्बास, सर्व्हरची बाजू पक्की झाली. नाही जमलं तर क्लोनझिलाकडे वळूच नका, पायरी ३ ते ८ पुन्हा करा. विंडोजला विंडोजचा शेअर उघडत नसेल तर क्लोनझिलाला कुठून उघडणार?

आता ज्या मशीनवर इमेज टाकायची तिच्यासमोर

१२. लॅन केबल लावा आणि पोर्टजवळचा दिवा बघा. दिवा लागत नसेल तर खात्रीची केबल लावून बघा. वाय-फायवर हे काम करायचा विचारही नको.

१३. बायोसमध्ये जाऊन बूट मोड बघा. मास्टर मशीन यूईएफआयवर असेल तर हीसुद्धा यूईएफआयवरच हवी, लेगसी असेल तर लेगसी.

१४. पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करा. भाषा इंग्रजी ठेवा, कीबोर्ड आहे तोच राहू द्या.

१५. ‘स्टार्ट क्लोनझिला’, मग ‘डिव्हाइस-इमेज’ निवडा.

१६. इमेज कुठे आहे असं विचारल्यावर ‘सांबा सर्व्हर’ निवडा. विंडोजचा शेअर याच वाटेने मिळतो. जवळच असलेला ‘एनएफएस’ हा वेगळा प्रकार आहे.

१७. नेटवर्कसाठी ‘डीएचसीपी’ निवडा. इथे लॅन कार्डच सापडत नसेल तर बहुधा मशीन नवीन आणि क्लोनझिला जुनं आहे. ताजी आवृत्ती घ्या. तीही चालली नाही तर यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर लावा.

१८. सर्व्हरचा पत्ता विचारला की कागदावरचा आयपी टाका. पीसीचं नाव टाकू नका. ते नाव ओळखलं जाईलच याची खात्री नसते, आकडा मात्र थेट पोहोचतो.

१९. डोमेन रिकामं सोडा.

२०. अकाउंटच्या चौकटीत आधीपासून असलेलं नाव खोडून ‘क्लोन’ लिहा. खोडायचं विसरलात तर दोन्ही नावं जोडून एकच भलतं नाव जातं.

२१. डिरेक्टरीच्या चौकटीत एक स्लॅश आणि शेअरचं नाव, एवढंच टाका. डी ड्राइव्हचा सगळा रस्ता लिहू नका. बाहेरून येणाऱ्याला ड्राइव्ह दिसत नाही, फक्त शेअरचं नाव दिसतं.

२२. एसएमबीची आवृत्ती आणि सिक्युरिटी मोड दोन्ही ‘ऑटो’ ठेवा.

२३. पासवर्ड टाका आणि एंटर दाबा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. बिनधास्त टाइप करा. आकडे उजवीकडच्या पॅडवरून टाकत असाल तर नम लॉक चालू आहे ना ते बघा.

२४. इथे अडकलात तर लगेच ‘पुन्हा प्रयत्न’ दाबू नका. आधी ‘माउंट एरर’च्या पुढे कंसात आलेला आकडा कागदावर लिहा. सगळं गुपित त्या आकड्यात आहे. आता त्याप्रमाणे चला:

१३ आला: पोहोचलात, पण आत घेतलं नाही. पासवर्ड, युजरचं नाव आणि पायरी ७ व ८ मधले हक्क, याच क्रमाने तपासा.

२ आला: सर्व्हरने ओळखलं, पण त्या नावाचा शेअर नाही. पायरी २१ मधलं स्पेलिंग बघा. डिरेक्टरीत एखादा जास्तीचा स्लॅश किंवा अक्षर गेलेलं असतं.

११२ आला: संदेशात ‘होस्ट इज डाउन’ म्हटलेलं असतं आणि त्यावर विश्वास ठेवून लोक सर्व्हर रीस्टार्ट करत बसतात. सर्व्हर बहुतेक वेळा व्यवस्थित चालू असतो. एसएमबीची आवृत्ती जुळलेली नसते. मागे जाऊन ‘ऑटो’ऐवजी ३.० निवडा, नाही जमलं तर २.१. इमेज जुन्या नॅसवर असेल आणि त्याला फक्त १.० समजत असेल, तर नॅसच्याच सेटिंगमध्ये २ किंवा ३ चालू करा. विंडोजमध्ये १.० पुन्हा चालू करण्याच्या भानगडीत पडू नका. ती आवृत्ती असुरक्षित आहे म्हणूनच बंद ठेवलेली असते.

१११ आला: त्या पत्त्यावर कुणीतरी आहे, पण शेअरिंगचं काम करणारं नाही. बरेचदा आयपी चुकून राउटरचाच टाकलेला असतो.

११३ किंवा ११५ आला: रस्त्यातच अडथळा आहे. कमांड लाइनवर जाऊन ‘पिंग’, मोकळी जागा, सर्व्हरचा आयपी असं टाइप करा. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा. उत्तर येत असेल तर फायरवॉल किंवा सर्व्हर पीसीवरचा अँटिव्हायरस पोर्ट ४४५ अडवतोय. उत्तर येत नसेल तर आधी केबल आणि स्विच बघा, मग दोन्ही आयपींचे पहिले तीन आकडे सारखे आहेत का ते बघा. एक १९२.१६८.१ मध्ये आणि दुसरा १९२.१६८.० मध्ये असेल तर दोघं वेगवेगळ्या राउटरला लागलेले असण्याची दाट शक्यता आहे.

२५. जोडणी झाली की पडद्यावर डिस्कची यादी येते. ती वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. ‘होम’, ‘पार्टिमॅग’ असा रस्ता असलेल्या ओळीत सुरुवातीला सर्व्हरचा आयपी दिसायला हवा आणि जागेचा आकडा सर्व्हरच्या डिस्कशी जुळायला हवा. तसं नसेल तर शेअर जोडलेला नाही, पायरी १६ वर परत या.

इमेज टाकताना

२६. ‘बिगिनर’ मोड घ्या.

२७. ‘रिस्टोअर-डिस्क’ निवडा. मेन्यूत फक्त ‘सेव्ह’चे पर्याय दिसताहेत आणि ‘रिस्टोअर’ गायबच आहे? क्लोनझिला बिघडलेलं नाही. त्याला फोल्डरमध्ये एकही इमेज सापडलेली नाही, म्हणून त्याने तो पर्यायच दाखवला नाही. सरळ पायरी ९ वर जा.

२८. यादीतून इमेज निवडा. तारीख बघून निवडा, जुनी इमेज बरेचदा शेजारीच असते.

२९. ज्या डिस्कवर टाकायची ती निवडा. इथे थांबा आणि डिस्कचा आकार व मॉडेल मोठ्याने वाचा. यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर मशीन बंद करून ती आधी काढूनच ठेवा. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी चालू असतो, एएचसीआय करा. मात्र मास्टर मशीनही एएचसीआयवरच असायला हवी.

३०. पार्टिशनचा पर्याय विचारला तर ‘के-झिरो’ घ्या, म्हणजे इमेजमधली मांडणी जशीच्या तशी येते. समोरची डिस्क मोठी असेल तर ‘के-वन’ घ्या, पार्टिशन्स प्रमाणात वाढतात. डिस्क लहान असेल तर क्लोनझिला नकार देतं, आणि तो नकार योग्यच आहे. ‘२५६ जीबी’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्कही तंतोतंत सारख्या नसतात. माझं स्पष्ट मत: तपासणी बंद करून जबरदस्ती करू नका. लॅबमधली सर्वांत लहान डिस्क असलेलं मशीन मास्टर करा आणि इमेज नव्याने घ्या. एकदाच कष्ट पडतील, पण पुढे कुठेच अडणार नाही.

३१. इमेज तपासायची का असं विचारल्यावर पहिल्या मशीनवर ‘हो’ म्हणा. पुढच्या मशीन्सवर ही तपासणी वगळलीत तरी चालेल.

३२. दोनदा विचारेल, दोन्हीदा ‘वाय’ दाबा. दुसऱ्यांदा दाबण्याआधी डिस्कचं नाव पुन्हा वाचा.

३३. निळ्या पडद्यावरचा वेग बघा. जीबी प्रति मिनिट असा आकडा असतो. तो एक-दीडवरच रेंगाळत असेल तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर घसरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नाही तरी दिवा लागतो, काम चालतं, पण रखडत. ६० जीबीच्या इमेजला गिगाबिटवर दहाएक मिनिटं लागतात, १०० एमबीपीएसवर तेच काम दीड तास खातं. केबल बदला. तरी तसंच असेल तर स्विच तेवढ्याच क्षमतेचा आहे.

३४. पहिलं मशीन पूर्ण झाल्यावरच पुढची लावा, आणि एका वेळी चार-पाचच. सगळ्या एकदम सोडल्यात तर एकाच केबलमधून येणारा वेग त्यांच्यात वाटला जातो. शिवाय विंडोज १० आणि ११ चा साधा पीसी एका वेळी फक्त २० मशीन्सना शेअर देतो, एकविसावीला नकार मिळतो.

३५. काम मध्येच तुटलं तर टक्केवारी लिहून ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर करून बघा. दोन्हीकडे एकाच जागी तुटलं तर इमेजच खराब आहे: मेन्यूतल्या इमेज तपासणीच्या पर्यायाने खात्री करा आणि नवी इमेज घ्या. वेगवेगळ्या जागी तुटलं तर केबल, स्विच, रॅम किंवा सर्व्हरचं स्लीप. ही एक तुलना तुमचा अर्धा दिवस वाचवेल.

इमेज उतरल्यावर

३६. मशीन बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, सुरू करा. बूट डिव्हाइस नाही म्हणालं तर पायरी १३ मधला मोड चुकला आहे. निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर एएचसीआय-आरएसटी मास्टरशी जुळत नाही. बायोसमध्ये मास्टरसारखं करा.

३७. कॉम्प्युटरचं नाव लगेच बदला. एकाच नावाची दोन मशीन्स नेटवर्कवर आली की नवे घोळ सुरू होतात.

३८. नव्या मशीनवरून एखादा शेअर उघडून बघा. विंडोज ११ च्या २४एच२ किंवा २५एच२ आवृत्तीत पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नसेल तर कारण बहुधा इमेजमध्येच आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासूनचे अपडेट असलेलं विंडोज समोरच्या मशीनची अंतर्गत ओळख, म्हणजे एसआयडी, तपासतं, आणि दोघांची सारखीच निघाली तर दार उघडत नाही. सरळ क्लोन केलेल्या सगळ्या मशीन्सची ओळख सारखीच असते. नाव बदलून हे सुटत नाही. मास्टरवर परत जा.

३९. मास्टर मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा.

४०. पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग इमेज घेताना पार्टिशन नीट बंद झालेलं नाही असं म्हणत क्लोनझिला अडून बसतं.

४१. विंडोज, सिस्टम३२, सिसप्रेप या रस्त्याने सिसप्रेप चालवा, ‘जनरलाइझ’वर खूण करा आणि शेवटी ‘शटडाउन’ निवडा. ती खूण राहिली तर पायरी ३८ पुन्हा तुमच्यासमोर उभी!

४२. मशीन बंद झाल्यावर थेट क्लोनझिलाने सुरू करून नवी इमेज घ्या. मध्ये एकदाही विंडोज सुरू होऊ देऊ नका, नाहीतर सिसप्रेप वाया गेलं.

४३. नवी इमेज आधी एकाच मशीनवर टाका, पायरी ३६ ते ३८ करून बघा, मगच बाकीच्यांकडे वळा.

४४. सगळ्या मशीन्स झाल्या की सर्व्हर पीसीवरचा ‘क्लोन’ युजर डिसेबल करा. त्या इमेजमध्ये मास्टरवरचं सगळं आहे, साठवलेले पासवर्डसुद्धा, आणि शेअर उघडा राहिला तर लॅबमधलं कुणीही ती कॉपी करून नेऊ शकतं. हे आजच्या आज करा, उद्यावर टाकू नका.